मागासलेपण नव्हे, बँकांची रचना
फिनलंडच्या मित्राला अमेरिकेत घरभाडं चेकने द्यावं लागलं, म्हणून अमेरिकन लोक मागासलेले, असं इथे एकाने लिहिलंय; ते मत मला पटलं नाही. शिकागोत माझ्या जर्मन सहकाऱ्याला चेक लिहायला मीच शिकवलं. अक्षरी रकमेपुढे सेंटसाठी ००/१०० लिहायचं, हे त्याला खरंच वाटेना. पण मूळ दुखणं वेगळंच आहे. १९९४च्या कायद्यापर्यंत परराज्यात शाखा उघडण्यावर कडक बंधनं होती, त्यामुळे लहान-लहान हजारो बँका झाल्या आणि त्यांना जोडत होता कागदी चेक. तोही विमानाने जायचा! ११ सप्टेंबर २००१नंतर विमानं थांबली, तेव्हा चेकचे गठ्ठे जागीच अडकले. मग २००३मध्ये कायदा झाला आणि चेकच्या प्रतिमेवरून छापलेली प्रत मूळ चेकइतकीच ग्राह्य ठरली.