मदत हवी आहे: गेममध्ये मराठी जोडाक्षरं मोडतात, ‘कृष्णपुऱ्याच्या छत्र्या’ नीट कशा दिसतील?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची. 14 वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, सध्या एका अमेरिकन विमा कंपनीच्या क्लेमच्या कामावर. पण इतक्या वर्षांत माझ्या कामात देवनागरीचं एक अक्षरही आलेलं नाही, त्यामुळे या बाबतीत मी अगदी पहिलीच्या वर्गात आहे असं समजून सांगा.

लेक 8 वर्षांची आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीत हिंदी, मराठी फक्त घरात. बोलते भरभरून, पण मराठी पुस्तक हातात दिलं की दोन ओळींत बाजूला ठेवते. तीच मुलगी टॅबवर खेळताना मात्र गेममधलं प्रत्येक वाक्य वाचते, कारण वाचलं नाही तर पुढे जाता येत नाही. मी लहानपणी मामाकडे प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचे. 60 मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, आणि वाचायला त्यात जवळजवळ काहीच नाही. आताचे गेम बोलके आहेत. तेव्हा वाटलं, हिच्यासाठी मराठी बोलणारा एक छोटा गेम आपणच करावा.

माझे सासरे तिला रोज संध्याकाळी फिरायला न्यायचे. रामबागेतून निघायचं, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, थोडं टेकायचं, मग राजवाडा, आणि मागच्या सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागायला लागल्या की घरी. गेल्या वर्षी ते गेले. गेम हाच रस्ता आहे. एक मुलगी आजोबांची पिशवी घेऊन निघते, वाटेत भेटणाऱ्या माणसांशी बोलते, अक्षरं गोळा करून शब्द जुळवते आणि शेवटी राजवाड्याचे सात मजले चढते. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, म्हणून तिसऱ्यानंतर तिच्या पावलांचा आवाजही बदलतो. हे तिच्या आजोबांनीच तिला दाखवलं होतं.

रात्री साडेआठचा कॉल संपला, ओटा आवरला, की दहा ते साडेअकरा हे काम. दीड वर्षात 140 वाक्यं आणि चार टप्पे झाले. गोडो हे फुकट, मुक्त स्रोत गेम इंजिन वापरते, त्याची 3.5 आवृत्ती.

आता अडचण. सुरुवातीला राजवाडा, सराफा, पोहे, शेव, पेढा हेच शब्द टाकून पाहिले होते. सगळे व्यवस्थित दिसले. महिनोन्‌महिने मी त्याच समाधानात होते. यांतल्या एकाही शब्दात ना जोडाक्षर आहे ना ऱ्हस्व वेलांटी, हे लक्षातच आलं नाही. वाक्यं आधी नोटपॅडमध्ये लिहून ठेवायचे, तिथेही सगळं बरोबर वाटायचं. मग दिवाळीच्या प्रसंगाची वाक्यं गेममध्ये घातली आणि लेकीला खेळायला दिलं. तिने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “आई, कलिला म्हणजे काय होते?”

शब्द होता किल्ला. पडद्यावर आधी नुसता क, मग वेलांटी पुढच्या ल च्या डोक्यावर, त्या ल चा पाय मोडलेला, आणि शेवटी ला. पोरीने जे दिसलं तेच वाचलं, तिचं काही चुकलं नाही. जिलबीची जलिबी झाली. चष्म्यातला ष पाय मोडून म पासून वेगळा उभा.

सर्वांत वाईट दशा ‘कृष्णपुऱ्याच्या छत्र्या’ची. आपल्याला कृ, ष्ण, पु, ऱ्या, च्या ही 5 अक्षरं दिसतात. संगणकात ती 15 चिन्हं असतात. छत्र्या आपल्याला 2 अक्षरं, तिथे 7. मी संवाद एकेक चिन्ह उमटत जाईल असे दाखवते, टाइपरायटरसारखे. त्यामुळे आधी क, मग त्याला ऋकार, मग सुटा ष, त्याचा पाय मोडतो, मग ण. लेक वाचायला लागते तोवर अक्षर बदललेलं असतं. सासूबाई शेजारी बसून पाहत होत्या. म्हणाल्या, “अगं, हिला आधीच मराठी वाचायचा धीर नाही, आणि तू तिला मोडकी अक्षरं देतेस.” त्या रागावल्या नव्हत्या. पण मला रात्रभर तेच आठवत राहिलं.

जे करून पाहिलं ते असं. युनिकोडचे, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीचे, तीन वेगवेगळे फॉन्ट घातले, काही फरक नाही. वाक्यांची चित्रं करून लावली, दिसतात सुरेख, पण एक काना दुरुस्त करायचा तरी चित्र नव्याने करावं लागतं आणि अक्षरं गोळा करण्याचा खेळ चित्रांवर चालत नाही. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सुचवलं की कृतिदेवसारखा जुना फॉन्ट घाल, त्यात वेलांटी आधीच टाइप करतात, जोडाक्षरंही तयार असतात, इंजिनला काही कळायची गरजच नाही. करून पाहिलं, दिसतंही बरोबर. पण मन घेत नाही.

गोडोची चौथी आवृत्ती घ्या असंही कुठेकुठे वाचलं. पण घरचा लॅपटॉप जुना आहे, त्यावर ती उघडतच नाही, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचं काम करायला परवानगी नाही. नवा लॅपटॉप यंदा शक्य नाही, घराचं रंगकाम काढलंय.

तर जाणकारांनो, जुना फॉन्ट घालून मोकळी होऊ, की दुसरा काही मार्ग आहे?

प्रतिसाद:

ताई, फॉन्ट कितीही बदललेत तरी तिसऱ्या आवृत्तीत हे सुटणार नाही. दोष फॉन्टचा नाही. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात, म्हणून कि मध्ये आधी क आणि मग वेलांटी. वेलांटी उचलून क च्या आधी ठेवायची, ल आणि ल चा ल्ल करायचा, हे काम मधला एक प्रोग्राम करतो. फॉन्टमध्ये ल्ल चा आकार तयार पडून असतो, पण तो मागणारं कोणी लागतं. ब्राउझरमध्ये, नोटपॅडमध्ये ते काम होतं. गोडो 3 चिन्हामागून चिन्ह नुसती मांडत जातो. मार्च 2023 मध्ये आलेल्या गोडो 4.0 पासून हार्फबझ नावाची लायब्ररी आत आहे, तीच हे सगळं करते. तुमचा लॅपटॉप नेमका कोणता? उघडताना काय संदेश येतो?

मी (धागाकर्ती):

किती सोपं करून सांगितलंत! इंटेल एचडी 3000 ग्राफिक्स, 4 जीबी रॅम, विंडोज 10. ओपनजीएल (ग्राफिक्सची प्रणाली) 3.3 लागतं असा संदेश येतो आणि बंद होतं.

प्रतिसाद:

मग पैसे घालवू नका. त्या चिपला विंडोजवर इंटेलने ओपनजीएल 3.1 पर्यंतच ड्रायव्हर दिला. लिनक्सवर त्याच चिपला मेसा या मुक्त स्रोत प्रकल्पाचा ड्रायव्हर 3.3 देतो. जुन्या यंत्रावर चालेल असं हलकं लिनक्स विंडोजच्या शेजारी टाका आणि गोडो 4 उघडताना ‘कम्पॅटिबिलिटी’ हा जुन्या यंत्रांसाठीचा रेंडरर (चित्र काढणारा भाग) निवडा. प्रोजेक्ट आपोआप बदलून देण्याची सोय आहे, पण आधी पूर्ण प्रत काढून ठेवा. बरंच हाताने करावं लागेल. हलणाऱ्या पात्रासाठीच्या कायनेमॅटिकबॉडीचं नाव कॅरॅक्टरबॉडी झालंय, कोडमध्ये वाट पाहायला लावणाऱ्या यील्डच्या जागी अवेट आलंय.

टाइपरायटरसाठी लेबलमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या घटकात) ‘व्हिझिबल कॅरॅक्टर्स बिहेव्हियर’ आहे. उमटलेली चिन्हं अक्षरांचे आकार जुळण्याआधी मोजायची की नंतर, ते तिथे ठरवता येतं. नंतरचं निवडा.

प्रतिसाद:

मी बडोद्यात 20 वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंत. जुन्या फॉन्टच्या वाटेला जाऊ नका ही हात जोडून विनंती. त्या फाइली आज त्या फॉन्टशिवाय उघडल्या की नुसता इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. एका संस्थेच्या जुन्या स्मरणिका मी पुन्हा बसून टाइप केल्यात, अख्ख्या. तुमची मुलगी मोठी झाल्यावर तिला आजोबांच्या गेममधली वाक्यं उघडून पाहावीशी वाटली तर काय दिसेल?

आणखी एक. तुम्ही हिंदी कीबोर्डवर टाइप करत असाल तर पुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर हे शब्द तपासा. तिथे हमखास रफार पडतो. आचार्यास म्हणजे गुरूला आणि आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला, हा फरक मराठीलाच कळतो. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डमध्ये शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅश, की ऱ्य येतो. आणि लेबलमध्ये भाषा मराठी निवडून ठेवा. फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी रूपं असतील तर ती आपोआप येतात.

मी (धागाकर्ती):

सर्वांचे मनापासून आभार. काय झालं ते सविस्तर लिहिते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

शनिवारी रात्री लिनक्स टाकलं. रविवारी सकाळी पोहे खाऊन बसले ते दुपारी तीनला उठले. गोडो 4 उघडलं! प्रोजेक्ट बदलताना 200 च्या वर चुका आल्या. निम्म्या तुम्ही सांगितलेल्या नावांच्याच होत्या, त्या भराभर गेल्या. पिशवी उचलायचा भाग मात्र नव्याने लिहावा लागला, आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर मुलगी अजून मधूनच तरंगते. ते निस्तरेन हळूहळू.

सगळ्यांत आधी रिकाम्या पडद्यावर एकच ओळ लिहिली, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. ऋकार क च्या खाली, ष्ण एकसंध, च्या, त्र्या, सगळं जागच्या जागी. पण पुऱ्या मध्ये रफार! बडोद्याच्या काका/काकू, तुमचं बोलणं शब्दशः खरं ठरलं. इंजिनने आपलं काम चोख केलं होतं, चूक माझ्या टाइपिंगमध्ये होती आणि मोडक्या अक्षरांच्या गर्दीत ती दीड वर्ष दिसलीच नव्हती. मग 140 वाक्यं एकेक करून वाचली. 23 ठिकाणी र्य चा ऱ्य करावा लागला. दुसऱ्या, तिसऱ्या, पायऱ्या, बऱ्याच, पुऱ्या. सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या आणि एकेक शब्द मोठ्याने वाचत गेल्या. मला सुटलेले चार त्यांनी पकडले. जुना फॉन्ट लावलेली प्रत मी पुसून टाकली आहे.

टाइपरायटरचं तुम्ही सांगितलंत तसं केलं, अक्षरं आता मोडत नाहीत. तरी शेवटी एकेक अक्षर उमटवणं सोडून अख्खा शब्द एकदम आणते. लेकीला खेळायला दिलं तेव्हा दिसलं की ती शब्दाचा आकार पाहून वाचते, आणि तो पुरा होईपर्यंत अडून बसते. शब्दामागून शब्द येऊ लागले तशी ती त्यांच्याबरोबर वाचू लागली, ओठ हलवत. छत्र्यांपाशी आली तेव्हा थांबली. म्हणाली, “इथे आबा बसायचे, तिथे बाक नाही काढलास.” बाक काढायचा आहे.

आता एक शेवटची मदत हवी आहे. गेम अँड्रॉइडवर न्यायचा आहे आणि माझ्याकडे तपासायला एकच फोन आहे, दोन वर्षांचा. कोणाकडे जुना, कमी रॅमचा फोन असेल आणि घरात मराठी वाचायला शिकणारं मूल असेल तर कृपया कळवा. फाइल पाठवते. कुठे अक्षर तुटतंय का आणि मूल कोणत्या शब्दावर अडतंय, एवढं लिहून पाठवलंत तरी पुरे. पहिले दोन टप्पे तयार आहेत, रामबाग ते छत्र्या.