पीएम किसान आणि नमो शेतकरीचे हप्ते: 'जमा' दाखवतात, पण खात्यात नाहीत

प्रश्न (मांजराकाठ):
नमस्कार. माझी आई लातूर जिल्ह्यातील गावी राहते. तिच्या नावावर सव्वा हेक्टर कोरडवाहू जमीन असून त्यात सोयाबीन आणि तूर असते. पीएम किसानचे हप्ते तिला सुरुवातीपासून नियमित मिळत होते. मागील दोन हप्ते मात्र पासबुकात उतरलेले नाहीत आणि नमो शेतकरी महासन्मान निधीचेही तसेच झाले आहे. पोर्टलवर ई-केवायसी पूर्ण आहे, जमिनीची नोंद जोडलेली आहे आणि हप्ता जमा झाल्याचेही दिसते. बँकेत विचारले तर आमच्याकडे काहीच आलेले नाही असे सांगतात, तालुक्याला गेले तर बँकेकडे बोट दाखवतात. पैसे नेमके कुठे अडकले असावेत? दुसरे असे की, हप्ता ठरावीक मुदतीत मिळालाच पाहिजे, असा काही नियम आहे का?

उत्तर १ (शाखा काउंटर):
मी बँकेत काम करतो आणि अशा तक्रारी घेऊन लोक नेहमी येतात. पोर्टल 'जमा' म्हणत असेल, तर बहुधा पैसे अडकलेले नसून दुसऱ्या खात्यात गेलेले आहेत. या योजनांची रक्कम खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकावर जाते आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीत त्या आधारसमोर जी बँक सर्वांत शेवटी जोडली गेली असेल, तिथल्या खात्यात पडते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी गावोगावच्या महिलांनी पोस्टाच्या पेमेंट बँकेत नवी खाती उघडली. खाते उघडताना आधार तिथे जोडला गेला आणि जुन्या बँकेची जोडणी आपोआप सुटली, हे बऱ्याच जणींना कुणी सांगितलेच नाही. आईंनी तेव्हा किंवा बचत गटासाठी असे एखादे खाते उघडले होते का, ते विचारा. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडला आहे याची, स्थिती पाहिली की बँकेचे नाव लगेच समजते. पैसे पुन्हा जुन्या खात्यातच हवे असतील, तर त्या शाखेत आधार जोडणीचा संमती अर्ज नव्याने द्यावा लागेल.

उत्तर २ (फेरफार):
वरील उत्तर योग्य आहे. पोर्टलवर ज्यांच्या स्थितीत जमिनीच्या नोंदीपुढे 'नाही' येते, त्यांच्यासाठी थोडी भर घालतो. खातेदार वारल्यानंतर त्यांच्या नावाचा हप्ता थांबतो आणि वारसाला स्वतंत्र नोंदणी करावी लागते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेल्यांना योजनेचा लाभ नाही, परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेली जमीन याला अपवाद आहे. म्हणून वारस नोंदीचा फेरफार (जमिनीच्या नोंदीतील नावाचा बदल) मंजूर करून घेणे हे पहिले काम समजावे. नमोची यादी पीएम किसानच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे एक अडले की दुसरेही अडते.

उत्तर ३ (कोरडवाहू):
आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण त्यावर फारसे कुणी बोलत नाही. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च अशा तीन टप्प्यांत द्यायचे, एवढे योजनेत ठरलेले आहे. टप्प्यातील कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, याचे बंधन नाही. २०२५ चा एप्रिल ते जुलैचा हप्ता २ ऑगस्टला वाराणसीच्या कार्यक्रमात वितरित झाला. तोवर आमच्या भागातील सोयाबीनची पेरणी उरकून कोळपणीही झालेली होती. नमोचा दुसरा आणि तिसरा हप्ता तर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळला एकाच दिवशी देण्यात आला. रक्कम पूर्ण मिळाली हे खरे, पण वेळ टळून गेली.

दोन हजारांत डीएपी खताची १,३५० रुपयांची एक पिशवी येते आणि तणनाशकाला थोडे पैसे उरतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात पडले, तर ती पिशवी रोखीने घेता येते. तेच पैसे ऑगस्टमध्ये आले, तर कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत जातात आणि वर उधारीचा वाढीव दर भरावा लागतो तो वेगळाच. लहान शेतकऱ्याला हा फरक फार जाणवतो.

उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) १४ दिवसांत दिली नाही, तर कारखान्याला वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. पीक विम्याची भरपाई लांबली, तर कंपनीवर १२ टक्के व्याज आकारण्याची तरतूद आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही मजुरी १५ दिवसांहून जास्त रखडल्यास दररोज ०.०५ टक्का भरपाई ठरवलेली होती. यांची अंमलबजावणी नेहमी नीट होते असे नाही, तरीही निदान मागायला आधार असतो. पीएम किसान आणि नमोमध्ये तसा आधारच ठेवलेला नाही. माझ्या मते खरिपाचा हप्ता ३१ मेपूर्वी आणि रब्बीचा सप्टेंबरअखेर देण्याचे बंधन शासन निर्णयातच लिहिले पाहिजे, आणि नोंदीतील त्रुटीमुळे हप्ता रोखला गेल्यास त्याचे कारण शेतकऱ्याला मराठीत, मोबाइलवर आणि हप्त्याच्या आधी कळवले पाहिजे. आज ते आपल्याला नंतर, तेही स्वतः शोधल्यावर कळते.

मांजराकाठ:
सर्वांचे आभार. स्थिती तपासली असता पोस्टाच्या बँकेचे नाव आले. आईने ते खाते २०२४ मध्येच उघडले होते आणि चारही हप्ते तिथे जमा आहेत. ते खाते गावातच पोस्टमनकडून अंगठ्यावर चालते, त्यामुळे जोडणी तिथेच राहू द्यावी असे तिचे म्हणणे आहे. शेजारच्या एका विधवा काकूंच्या वारस फेरफाराचा अर्ज मात्र तलाठी कार्यालयात प्रलंबित आहे. त्यांच्यासाठी 'फेरफार' यांच्याकडून कागदपत्रांची माहिती मिळाल्यास उपयोग होईल.