पॅटनच्या पट्ट्यांखाली धूळ नको, चिखल हवा

तुम्ही दाखवलेलं रणगाड्याचं मॉडेल झकास झालंय! पण असल उत्तरच्या (पंजाबमधलं गाव, १९६५ च्या भारत-पाक युद्धातली लढाई) देखाव्यातला पॅटन, म्हणजे पाकिस्तानचा अमेरिकी बनावटीचा रणगाडा, कोरड्या, धुळीच्या मातीवर उभा केलात, तिथे गाडी अडली. सप्टेंबर १९६५ मध्ये आपल्या सैन्याने कालव्याचं पाणी शेतात सोडलं होतं आणि पाकिस्तानी पॅटन उसाच्या चिखलात रुतले. खरी गंमत त्या चिखलातच आहे.

पीओपी, फेव्हिकॉल, चाळलेली माती आणि तपकिरी ॲक्रिलिक कालवून थर द्या. ओला असतानाच रणगाडा दाबून बसवा. वाळल्यावर नुसता ठेवला की तो तरंगल्यासारखा दिसतो. रणगाड्याच्या पट्ट्यांच्या (ट्रॅकच्या) फटींत हाच चिखल भरा, वर ग्लॉस वार्निश. सऱ्यांमधल्या पाण्यासाठी रेझिन पातळ थरांतच ओता.

१/३५ प्रमाणाच्या मॉडेलला अडीच मीटरचा ऊस साधारण ७ सेंटिमीटर होतो. खराट्याचे बारीक हीर आणि रंगवलेल्या कागदाच्या अरुंद पात्या चालतील. किचकट काम आहे, पण बाजारातलं तयार गवत तिथे अगदीच लॉन वाटतं.

आणि हो, तामिया या जपानी मॉडेल कंपनीचा किट एम४८ए३ या पॅटनच्या प्रकाराचा, म्हणजे डिझेलवाला. पाकिस्तानचे पेट्रोलवर चालायचे, त्यामुळे इंजिनावरची मागची बाजू वेगळी. उसाची पानं तिथे पसरलीत तर निम्मं झाकलं जाईल.