'भिडू' शब्द आपला की टपोरी हिंदीतला?

चहाबाज: ऑफिसात एक दिल्लीवाला कलीग आहे, त्याचं म्हणणं भिडू म्हणजे मुंबईच्या टपोऱ्यांनी काढलेला शब्द, मारामारीला भिडणारा तो भिडू. मी म्हटलं अरे आम्ही लहानपणी पत्ते खेळताना म्हणायचो की. नक्की काय आहे?

गल्लीक्रिकेट: त्याचं अर्धं बरोबर आहे, भिडणेवरूनच आलाय पण आपल्या भिडणेवरून. हिंदीत भिड़ना म्हटलं की टक्कर नाहीतर मारामारीच येते डोळ्यासमोर, आपल्याकडे दाराच्या फळ्या भिडतात, खांद्याला खांदा भिडतो, गाणं पण मनाला भिडतं. त्यामुळे भिडू म्हणजे आपल्याला लागून असलेला, आपल्या बाजूचा. मेंढीकोटात समोर बसतो तो भिडू, आणि त्याने हुकूम वाया घालवला की शिव्या खातो तोही भिडूच 😄 मुंबईच्या हिंदीने मराठीतून उचलला आणि तिथे खेळ गेला, नुसतं 'क्या भिडू' उरलं, म्हणजे दोस्त, यार, कधीकधी तर रस्त्यावरचा अनोळखी माणूसही.

सागरगोटी: आणि मुलींनाही तोच शब्द हां, 'ती माझी भिडू' असंच म्हणायचो, भिडीण वगैरे काही नाही. दोघी दोघी लांब जाऊन गुपचूप नावं ठेवून यायच्या आणि कॅप्टनला विचारायच्या चंद्र हवा का सूर्य, असे भिडू वाटले जायचे. एक उरली तर ती दूधभात, दोन्हीकडून खेळणार.

चहाबाज: मग पेपरात 'युतीला नवा भिडू' लिहितात ते?

गल्लीक्रिकेट: तो तर जुनाच अर्थ झाला ना, बाजू वाटून घेतलेला पार्टनर, उलट बोलीतल्यापेक्षा मूळच्या जास्त जवळ. 'नवा गडी नवं राज्य' मधलं राज्यसुद्धा मला खेळातलंच वाटतं, राज्य येतं ते. राजकारणाला मैदानातले शब्द बरोबर बसतात, का ते सांगायला नको.

कट्टेकरी: जॅकी श्रॉफ मे 2024 मध्ये दिल्ली हायकोर्टात गेला होता, आपलं नाव, आवाज वगैरे परवानगीशिवाय वापरू नये म्हणून, त्यात 'भिडू' पण होता. आता मेंढीकोटाला बसायच्या आधी वकील गाठा.

सागरगोटी: धंद्यासाठी वापरण्याबद्दल होतं ते, पत्ते खेळायला कोण अडवतंय. पण देशभर हा शब्द पोचवला त्यानेच हे मान्य करायलाच हवं. चहाबाज, तुमच्या कलीगला एकदा मेंढीकोटाला बसवा, पहिला डाव हरवला की आपोआप कळेल भिडू कोणाला म्हणतात.