हंगेरीतील मुलींचे गायनवृंद आणि आपल्या शाळांतील समूहगान

प्रश्न : संगीत शिक्षिका, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका कन्या प्रशालेत संगीत शिकवते. ग्यॉर या हंगेरियन शहरातील मुलींच्या वृंदाने मिक्लोश साबो यांच्या संचालनाखाली गायिलेल्या बार्टोक आणि कोदाय या हंगेरियन संगीतकारांच्या रचना मी सध्या ऐकत आहे. साथीला एकही वाद्य नसताना तीन-तीन स्वरावली एकाच वेळी चालतात आणि तरीही प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे कानी पडते. आमच्या मुली समूहगीत सुरेल म्हणतात, परंतु अर्ध्या जणींना निराळी चाल दिली की दुसऱ्या ओळीपर्यंत सगळ्याच मोठ्या आवाजाच्या मुलींच्या मागे जातात. हंगेरीत हे कशामुळे साधते?

उत्तर १ : वृंदगानाचे अभ्यासक

याचे मूळ शाळेत आहे. झोल्टान कोदाय (१८८२–१९६७) यांनी १९०५ पासून खेडोपाडी फिरून लोकगीते गोळा केली; पुढे बेला बार्टोकही या कामात त्यांच्याबरोबर उतरले आणि मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांचे आवाज मुद्रित झाले. मुलांना हलक्या दर्जाचे संगीत देऊ नये, या आग्रहातून कोदाय यांनी १९२५ पासून बालवृंदांसाठी रचना केल्या, तर बार्टोक यांनी १९३५–३६ मध्ये मुलांच्या आणि स्त्रियांच्या आवाजांसाठी दोन व तीन स्वरावलींची सत्तावीस वृंदगीते लिहिली. कोदाय यांच्या जन्मगावी, केचकेमेत येथे, १९५० मध्ये रोज गायनाचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू झाली. म्हणजे मुलगी वृंदात येते तेव्हा तिच्या कानावर कित्येक वर्षांचे संस्कार झालेले असतात. माझ्या मते वृंदाच्या कीर्तीपेक्षा त्या रोजच्या तासाचे मोल अधिक आहे.

उत्तर २ : निवृत्त संगीत शिक्षक

तालमीची रीत आपल्यालाही जमण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक स्वराला हाताची एक खूण असते. ही पद्धत इंग्लंडमधील जॉन कर्वेन यांच्याकडून आली. ‘दो’ला (आपला सा) मूठ, ‘मी’ला (ग) जमिनीला समांतर तळवा, ‘सो’ला (प) छातीकडे वळवलेला तळवा. शिक्षक दोन हातांनी दोन गटांना निरनिराळे स्वर दाखवतात : डावा हात एका गटाला षड्जावर थांबवून ठेवतो आणि उजवा हात दुसऱ्या गटाला ग, प, पुन्हा ग असा फिरवतो. त्यांचा ‘दो’ आपल्या ‘सा’प्रमाणे कोणत्याही पट्टीत धरता येतो, त्यामुळे सरगम येणाऱ्या मुलींना हे परके वाटणार नाही. मात्र हार्मोनियम बाजूला ठेवा आणि तानपुरा लावा. गाणे शिकवताना पियानोवर विसंबू नये, असे कोदायही सांगत, कारण त्याचे स्वर समान अंतरांवर बसवलेले असतात आणि दोन कंठ शुद्ध पंचमावर जुळले की जो मेळ लागतो, तो त्यात सापडत नाही.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. परंतु आपले संगीत एका स्वरावलीचे. रागावर दुसरी ओळ लादली तर त्याचे रूप बिघडेल, अशी धास्ती वाटते.

उत्तर ३ : लोकसंगीताचे विद्यार्थी

धास्ती योग्य आहे, म्हणून बंदिशींना हात लावू नये. जुन्या हंगेरियन लोकगीतांपैकी पुष्कळ पाच स्वरांचीच आहेत आणि त्यांचा नेहमीचा स्वरसमूह सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर होत. अनेक गीतांचा पूर्वार्ध वरच्या पट्टीत असतो आणि तीच चाल उत्तरार्धात सा-प इतक्या अंतराने खाली उतरते. अशा समूहात लगतच्या अर्ध्या स्वरांची टक्कर नसते, त्यामुळे एका गटाने एक ओळ उशिरा सुरुवात केली तरी कानाला फारसे खटकत नाही.

सोलापुरात सामग्रीची वाण नाही. नवरात्रात मराठी घरांत भोंडला होतो आणि तेलुगू घरांत बतुकम्मा, तर कन्नड गीते आपल्याच मुलींच्या आज्यांना पाठ असतील. यांतील पाच स्वरांत बसणारी, साध्या चालीची गाणी मुलींकडूनच गोळा करून घ्यावीत आणि पहिला महिनाभर एका गटाला केवळ षड्ज किंवा पंचम धरायला द्यावा. आपल्या वर्गात मुली किती आणि तास आठवड्यातून किती वेळा असतो, हे कळवल्यास गट कसे पाडावेत ते सांगता येईल.

प्रश्नकर्ती

चाळीस मुली आणि आठवड्यातून दोन तास. येत्या सोमवारी तानपुरा लावून षड्ज-पंचमापासून सुरुवात करते आणि मुलींना घरची गाणी लिहून आणायला सांगते.