लोहाच्या गोळ्या चालू, तरी थकवा जात नाही

प्रश्न (सांगली): बाई, वय 38, शाकाहारी, हिमोग्लोबिन 10.2. दोन महिने लोहाची गोळी, वर गूळ-शेंगदाणे. तरी जिना चढला की धाप लागते. को-क्यू-10 (पेशींना ऊर्जा बनवायला मदत करणारा घटक, गोळीतून मिळतो) सुरू करावं का?

उत्तर: गोळी चहाबरोबर जाते का, ते आधी बघा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. चहा आणि गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा, उपाशीपोटी लिंबूपाण्यासोबत घ्या. मळमळलं तर जेवणानंतर. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. लोह फक्त रक्तासाठी नाही, मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरात) एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवणाऱ्या प्रथिनांनाही ते लागतं. आणि गूळ? सांगलीचा असला तरी खड्याभर गुळातून मिळणारं लोह किरकोळच.

उत्तर: फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12 आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासलंय का? शाकाहारात बी-12 जवळपास फक्त दूध-दह्यातून येतं. ते कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-12 आणखी घटू शकतं. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर भरलेलं सगळं दर महिन्याला वाहून जाणार.

उत्तर: को-क्यू-10 शरीर स्वतः बनवतं, त्यावर सध्या खर्च नको. त्यापेक्षा मटकीला मोड आणा: रात्रभर भिजवून, पाणी काढून टाकून, फडक्यात बांधून. लोहाला अडकवून ठेवणारं फायटेट घटतं, लोह सुटं होतं. उसळीवर लिंबू ताटातच पिळा, उकळत्या भांड्यात नको.