काम आवडतं का, याचं उत्तर मला देता येत नाहीये

ताळा_जुळेना (धागाकर्ती)

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत हिशेब बघते. मुख्य काम बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आपली खातेवही एकमेकांशी जुळवणं. "काय करतेस?" असं कुणी विचारलं की मी "अकाउंट्सला आहे" म्हणते आणि समोरचा विषय बदलतो. मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

आता साहेब म्हणतायत, टीम लीडर हो. पगार वाढेल, पण खातेवही हातातून जाईल. इतरांनी जुळवलेलं तपासायचं, रजा मंजूर करायच्या, बैठकांना बसायचं. घरचे म्हणतात, यात विचार करण्यासारखं आहे काय! नाही म्हणायचं तर निदान सध्याचं काम आवडतं एवढं तरी छातीठोकपणे सांगता यायला हवं, आणि तिथेच गाडी अडते. कधी ऑफिसला पळत सुटावंसं वाटलेलं नाही. रविवारी संध्याकाळी पोटात गोळाही येत नाही.

एवढं मात्र आहे की महिनाअखेरीला फरक उरला की मला घड्याळ दिसत नाही. परवा ८,१०० चा फरक होता. नऊने भाग जातोय म्हटल्यावर आधी उलटसुलट पडलेले आकडे शोधायचे, कारण शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातोच. भाग गेला नसता तर फरकाचं निम्मं करून ती रक्कम कुठे दिसते का बघितलं असतं, कारण नावेची नोंद जमेला गेली की फरक दुप्पट येतो. हे सगळं माझ्या डोक्यात आपोआप चालतं. शेवटी सापडलं: १०,९०० च्या जागी कुणीतरी १९,००० मारले होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "सस्पेन्स खात्यात टाकून घरी का नाही गेलीस?" (न जुळलेली रक्कम तात्पुरती ठेवायचं खातं.) खरंच, का नाही गेले?

तर तुम्ही मंडळी काय करता, आणि ते आवडतं हे तुम्हाला कशावरून कळतं?

मनमौजी

ज्यात जीव रमत नाही ते सरळ सोडून द्यावं. मी नोकरी सोडली आणि छंदालाच व्यवसाय केलं.

ताळा_जुळेना

कुठला छंद?

मनमौजी

फोटोग्राफी. जंगलात जाऊन पक्ष्यांचे फोटो काढायचो. सध्या लग्नं करतो.

ताळा_जुळेना

आणि ते आवडतं?

मनमौजी

सीझन सोडून.

दोरखंड

ताई, मी लिफ्टवाला. चालवणारा नाही, दुरुस्त करणारा. ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला: दोर तुटला तर? एक तर दोर एकटा नसतो, चार-सहा असतात. आणि दोर तुटला तरी गाडी, म्हणजे आपण उभे राहतो ती केबिन, पडत नाही, हे एलिशा ओटिस नावाच्या माणसाने १८५४ सालीच न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः वर उभं राहून, दोर कापायला लावून दाखवलंय. आता गव्हर्नर असतो. गाडी ठरलेल्या वेगाबाहेर गेली की तो अडकतो आणि गाडीचे जबडे रुळांना घट्ट धरतात. सिनेमावाल्यांना हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

माझं रोजचं काम इतकं थरारक नाही. निम्म्याहून जास्त तक्रारी दारांच्या. उंबऱ्याच्या खाचेत खडा, शर्टाचं बटण, काहीही. दार पूर्ण लागत नाही, कुलपाचा काँटॅक्ट जुळत नाही, कंट्रोलर गाडी हलू देत नाही. तो त्याचं काम चोख करतो आणि शिव्या मी खातो. खडा काढला की लोक म्हणतात, "एवढंच होतं?"

आवडतं म्हणाल तर एक सांगतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला गाडीला तोलणारं काउंटरवेट असतं. त्याचं वजन म्हणजे रिकामी गाडी अधिक तिच्या क्षमतेच्या ४० ते ५० टक्के. म्हणून आत एकच माणूस अडकला असेल आणि मी मशीनपाशी ब्रेक हाताने सोडला, तर गाडी खाली न येता वर सरकते. नवीन पोरांना हे पाठ असतं, पण पहिल्यांदा डोळ्यांनी बघताना चेहरे बघण्यासारखे होतात. तर आधी मेन बंद करायचा. सगळी दारं लागलीत ना, ते बघायचं. आतल्या माणसाला आवाज द्यायचा: गाडी हलेल, घाबरू नका, दाराला हात लावू नका. मग ब्रेक जरा सोडायचा, धरायचा, परत जरा सोडायचा. दोरावर मजल्यांच्या खुणा रंगवलेल्या असतात, ती खूण जागेवर आली की थांबायचं. त्या वेळात कुणी मला माझं नाव विचारलं तरी पटकन सांगता येणार नाही.

मलाही सुपरवायझर केलंय. मी घेतलं, कारण गुडघे. रोज पिटमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यात, उतरणं ठरावीक वयानंतर जमत नाही, कुणी कितीही गप्पा मारो. फोन, रजिस्टर, सोसायट्यांची बोलणी, हे काही वाईट नाही. पण जो बिघाड पोरांना सापडत नाही तिथे मी स्वतः जाणार, ही अट मी पद घेतानाच घातली होती.

आणि तुम्ही लिहिलेलं परत वाचा. पगाराला एक वाक्य, ८,१०० ला आख्खा परिच्छेद.

वाचनवेडा

यावर अभ्यास झालाय. १९९७ साली एमी रेझनेस्की आणि सहकाऱ्यांनी लोक कामाकडे तीन प्रकारे बघतात असं मांडलं: पोटापाण्याचं साधन, पुढे सरकण्याची शिडी आणि जीव लावलेलं काम. गंमत अशी की त्यांच्या पाहणीतल्या २४ प्रशासकीय सहायकांमध्येही हे तीन गट जवळजवळ सारखेच निघाले, म्हणजे काम तेच आणि बघण्याची तऱ्हा तीन. ताळाताई, तुम्ही कुठल्या गटात?

हेडसेट

मी पहिल्या गटात, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. ग्राहकसेवेत आहे. समोरचा ओरडत असताना आवाज मऊ ठेवायचा. यालाच आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली भावनिक श्रम म्हटलं, तेही हवाई सुंदरींच्या हसण्याबद्दल लिहिताना. श्रम आहेत तर मोबदला घ्यायचा आणि घरी जायचं. पाळी संपली की कान माझे. तीन गटांत वरची-खालची पायरी लावू नका एवढंच म्हणणं आहे.

अर्धजागी

मी भूलतज्ज्ञ. "इंजेक्शन देऊन तुम्ही जाता ना?" असं मला सुशिक्षित माणसंसुद्धा विचारतात. जात नाही हो. रुग्ण झोपलेला असतो तोवर मी त्याच्या उशाशी असते.

माझं उत्तर कानात आहे. पल्स ऑक्सिमीटर प्रत्येक ठोक्याला टिंग वाजतो आणि रक्तातला ऑक्सिजन घसरला की तो सूर खाली येतो. मी पाठमोरी औषध भरत असले, सर्जनशी बोलत असले, तरी सूर अर्धा उतरायच्या आत मान वळलेली असते, आकडा नंतर दिसतो. हे कधी अंगात मुरलं मला माहीत नाही. दोरखंड म्हणतात तसलं काहीतरी असावं.

वैताग कशाचा, तर उपाशीपोटी आहात का, या प्रश्नाचा. "हो." खरंच काही नाही? "नाही." पाणी, गोळी, काहीच नाही? "तसं दोन घास खाल्ले होते." अहो, भूल चढताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल! मग शस्त्रक्रिया पुढे ढकलायची आणि नातेवाइकांचा राग मी झेलायचा.

विभागप्रमुखपद मला दोनदा विचारलं. खुर्ची थिएटरच्या बाहेर असते म्हणून नको म्हटलं. पण माझ्या पगारात त्याने फार फरक पडणार नव्हता, हेही खरं. तुमच्या बाबतीत तो पडत असेल तर माझं उदाहरण घेऊ नका.

ताळा_जुळेना

अर्धजागी, पडतो. बराच पडतो, म्हणून तर झोप उडालीये.

वाचनवेडा, कुठल्याच गटात मावत नाही मी. महिन्याचे पंचवीस दिवस पहिला, महिनाअखेरीला तिसरा.

दोरखंडकाका, तुमची अट चोरली. आज साहेबांना विचारलं की पद घेते, पण सगळ्यात किचकट खातं, ज्यात शेकडो परतावे येतात, ते माझ्याकडेच राहू द्या. आधी ते हसले. मग म्हणाले, लीडरने स्वतः नोंदी जुळवल्या तर तपासणार कोण? मुद्दा बिनतोड आहे, करणारा आणि तपासणारा वेगळाच हवा. म्हणून आता असं ठरतंय की खातं मी जुळवायचं आणि तपासणी दुसऱ्या विभागाच्या लीडरने करायची. त्या बाईंनी अजून होकार दिलेला नाही. उद्या त्यांना भेटते.

दोरखंड

लेखी घ्या. तोंडी अटी दुसरा साहेब आला की विरतात.

मनमौजी

काका, एक अवांतर. लिफ्टचं बटण सारखं दाबलं तर ती लवकर येते का?

दोरखंड

नाही. एकदा दिवा लागला की नोंद झाली. आणि वर जायचं असेल तर फक्त वरचा बाण दाबा. दोन्ही दाबलेत की ती खाली जातानाही तुमच्यापाशी थांबते आणि आतले सगळे तुमच्याकडे बघत बसतात.